आतली कडी

आमचं घर रोज सकाळी गुंडाळून लोखंडी कपाटामागं ठेवावं लागायचं. दोन वाकळा, एक सतरंजी, कपड्यांचं बोचकं, स्टोव्ह आणि भांड्यांची पाटी, एवढाच पसारा असल्यामुळं वेळ लागायचा नाही. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये आम्ही तिघी राहत होतो, आई, मी आणि माझी धाकटी बहीण सुमी. वंदनेला माणसं यायच्या आत फरशी पुसून वाळलेली असली पाहिजे, असा आईचा दंडक होता. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. उलट बायका म्हणायच्या, "असू दे की गं पसारा, आपलीच मानसं हाईत." आई हसायची आणि ऐकायची नाही. मी अर्धवट झोपेत भिंतीला टेकून उभी राहायचे आणि ती माझ्या पायाखालची सतरंजी ओढून घ्यायची. अजूनही माझ्या अंगावरचं पांघरूण कुणी ओढलं तर मी भांडायलाच उठते. नवऱ्याला हे लग्नानंतर लवकरच कळलं.

ते गाव आमचं नव्हे. भीमेच्या अलीकडचं, शिरूर तालुक्याच्या टोकाचं, वडगाव रासाईपासून जवळ. आम्ही पलीकडच्या, दौंडच्या. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे आणि आमची भाड्याची एक खोली होती. वडील काविळीनं गेले, पाठोपाठ खोली गेली. खुटबावला चुलत्याकडं जाऊन पाहिलं. तिथं जागा होती, पण आमच्यासाठी नव्हती, हे आईला लवकरच उमगलं. मग आम्ही दौंड स्टेशनावर राहिलो. राहिलो म्हणायचं आपलं. फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळाजवळ एक खांब होता. दिवसा आई जवळच्या हॉटेलात भांडी घासायची आणि रात्री त्या खांबाला पाठ लावून बसायची. आमच्या दोघींच्या फ्रॉकची टोकं ती आपल्या पदराला गाठ मारून बांधून ठेवायची. गाड्या यायच्या, इंजिनं बदलली जायची, चहावाले ओरडत जायचे आणि आम्ही त्या गलक्यात गाढ झोपायचो. आई कधी झोपते, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

तिथं आम्हाला आप्पांनी पाहिलं. आप्पा रेल्वेतले निवृत्त गँगमन, या वस्तीतले जाणते. पेन्शनच्या कामाला दौंडला आले होते. नळावर पाणी प्यायला वाकले आणि आईकडं बघतच राहिले.

"तू भांडगावच्या किसनाची लेक न्हवं का?"

आई आधी नाही म्हणाली. मग मान हलवली. आप्पांनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. आमचं बोचकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चल." वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही पूल ओलांडला. पुढच्या आयुष्यात मदत करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पोटासाठी मीही त्यांतलीच एक झाले. आम्ही सगळे आधी प्रश्न विचारतो. आप्पांनी आधी बोचकं उचललं, ही गोष्ट मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांची बाजू थोडी लंगडी वाटण्याचा संभव आहे.

वस्तीनं आमचं करताना हात आखडता घेतला नाही. रोज संध्याकाळी एका घरातून भाकरी-कालवण यायचं, घरांची पाळी ठरलेली होती. फडकं सोडायच्या आत मी सांगायचे कुणाची भाकरी आहे ते. हिराकाकूंची जाड, कडेला करपलेली, पण तिच्याबरोबर लसणाची अशी चटणी की सुमी पाणी पीत पीत पुन्हा मागायची. आप्पांच्या घरची बाजरीची, पातळ, पापुद्रा सुटलेली. एका घरातून मात्र नेहमी चपात्या यायच्या. तिथला थोरला रांजणगावला कंपनीत लागला होता, त्यामुळं ते घर सुधारलं होतं. आई उसाच्या खुरपणीला जायला लागल्यावर तिनं एकदोनदा सांगून पाहिलं, आता मी करते, पाळी बंद करा. कुणी मनावर घेतलं नाही. हिराकाकू म्हणाल्या, "तुझ्या दोन पोरी आमच्या घरातबी जेवल्या असत्या की. लई मोठी लागून गेलीस!"

विहार सगळ्यांचा होता, आणि तो तसाच असायला हवा. सकाळी वंदना झाली की म्हातारी माणसं पेपर वाचायला थांबायची. दुपारी फरशी गार म्हणून बायका धान्य निवडायला यायच्या. शाळा सुटली की पोरं कॅरम मांडायची, सोंगट्यांचा टकटकाट आणि भांडणं. दिवे लागले की बैठका. कुणाचं लग्न, कुणाचं नामकरण निघालं की आम्ही बोचकं घेऊन हिराकाकूंच्या पडवीत. दाराची किल्ली समितीकडं असायची आणि दार रात्रंदिवस सताड उघडं. येणारा प्रत्येकजण आईची चौकशी करायचा. जेवलीस का, बरी हायस का, तोंड का उतरलंय. खरंच मायेनं विचारायचे हो. पण दिवसभरात तेच ते किती वेळा सांगायचं? आईला आजारी पडायचीही चोरी होती. एकदा तिला ताप भरला तर सगळी वस्ती काढे घेऊन हजर. आई भिंतीला टेकून बसली आणि ताप उतरेपर्यंत आल्यागेल्याला हसून उत्तरं देत राहिली. त्या दिवसांतली आई मला आठवते ती अशी, सतत हसणारी आणि सतत दमलेली.

घर बांधायचं आप्पांनीच काढलं. घरकुलाच्या योजनेत आम्ही बसत नव्हतो, कारण आईच्या नावावर जागा नव्हती आणि तिचा त्या गावातला रहिवास नवा होता. जागेचं आप्पांनी ग्रामपंचायतीत खेटे घालून जमवलं. पाण्याच्या टाकीमागचा गावठाणातला एक तुकडा आईला मिळाला. मग बैठकीत ते म्हणाले, "सरकारची वाट बघत बसलो तर या दोन्ही पोरींची लग्नं हितनंच लावावी लागतील. आपनच उभं करू." आणि खरंच उभं केलं. दर रविवारी वस्ती तिथं लोटायची. कुणाच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा, कुणाच्या ट्रॅक्टरनं आलेली वाळू, कंपनीच्या भंगारातले पत्रे. त्यातल्या एका पत्र्यावर निळी इंग्रजी अक्षरं होती आणि तो उलटा बसला, त्यामुळं पुढं कित्येक वर्षं मी उताणी पडून उलटं इंग्रजी वाचलं. गावातले सलीमभाई मिस्त्री गवंडीकाम आणि सुतारकाम दोन्ही करायचे. त्यांनी मजुरी घ्यायला साफ नकार दिला, पण दर अर्ध्या तासाला चहा मागून आम्हाला जेरीला आणलं. मी टाकीवरून पाणी वाहायचे. आई विटा भिजवायची, वाळू चाळायची आणि आल्यागेल्याशी हसून बोलायची.

दार आप्पांनी दिलं. त्यांच्या शेतात खताची आणि औषधाची एक खोली होती, ती पडायला आल्यावर त्यांनी तिचं दार काढून ठेवलं होतं. अस्सल सागवान, उचलायला चार माणसं. कीटकनाशकाचा उग्र वास मारायचं, म्हणून आईनं आणि मी ते साबणाच्या पाण्यानं पुन्हापुन्हा घासलं. बसवल्यावर सगळी वस्ती बघायला आली. "असलं दार सरपंचाच्या घराला न्हाई," असं जो तो म्हणाला. आप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते. त्यांनी स्वतः बाहेरची कडी घालून दाखवली. खणकन वाजली.

खताच्या खोलीला आतून कडी कशाला असेल? खत काही आतून दार लावून बसत नाही. इतके रविवार इतकी माणसं त्या घरावर खपली, पण हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, अगदी सलीमभाईंच्याही. त्यात आश्चर्य नाही. आमच्या वस्तीत दिवसा दार लावायची रीतच नव्हती. कामावर जाताना बाहेरून कडी घालायची, घरात असलं की दार उघडं. भरदिवसा कुणाचं दार आतून बंद दिसलं तर शेजारीण लगेच हाका मारायची, कारण याचा अर्थ घरात एकतर दुखणं आहे नाहीतर भांडण. उन्हाळ्यात तर रात्रीही माणसं अंगणातच. आतली कडी असली काय नि नसली काय, कुणाला तिची आठवणच यायची नाही.

राहायला जायचा दिवस ठरला. सकाळी नव्या घरात वंदना, मग सगळ्यांना खीर. दुसऱ्या दिवशी विहारात एक लग्न होतं, मांडववाले येऊन पडले होते, म्हणून आमचा सगळा पसारा आम्ही नव्या घराच्या ओट्यावर आणून ठेवला. माणसं जमत होती. आई एकटीच आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. ते हळूहळू पुन्हा उघडलं. तिनं परत ओढलं. परत उघडलं. मी फटीतून बघत होते. ती दारावर हात फिरवत होती, वरून खाली, मग चौकटीवर. मग बाहेर आली.

"आप्पा, दाराला कडी न्हाई."

"कडी न्हाई?" आप्पा हसले. पुढं होऊन त्यांनी कडी खणखणवली. "मग ही काय हाय?"

"ती भाईरनं. आतनं न्हाई."

आप्पांना कळायला वेळ लागला. कळल्यावर म्हणाले, "बसवू की सवडीनं. बाजारला जाईन तवा आनतो. चल, वंदनेला उशीर होतोय."

"कडी बसल्याबिगर मी ऱ्हायला यायची न्हाई," आई म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण ती हसत नव्हती, आणि हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हिराकाकूंना सर्वांत जास्त लागलं. त्यांच्या चुलीवर सगळ्यांसाठीची खीर रटरटत होती. "म्हंजी? आम्ही काय चोर हाय व्हय गं?" त्या म्हणाल्या. "आजवर तुझ्या भांड्याला कुनी हात लावला का? आतनं दार लावून काय लपवायचंय तुला?"

"काई लपवायचं न्हाई, काकू."

"मग?"

आई बोचक्याशेजारी ओट्यावर बसली. आप्पांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या दारात खोट निघाली होती, तीही सगळ्या वस्तीसमोर. "लोकांनी रविवार मोडून हे उभं केलं," ते म्हणाले. "उद्या विहारात मांडव पडतोय. तिकडंबी जागा न्हाई. आता पोरींना घेऊन कुठं जानार हायस?"

"हितंच बसते. ओट्यावर."

गर्दीत मागं कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणालं, "टेसनावर कुठं कडी होती?"

कोण बोललं ते मला आजही माहीत नाही, आणि आता जाणून घ्यायचीही इच्छा उरलेली नाही. काहीजण हसले. सुमी रडायला लागली. मला मात्र आईचाच राग आला होता. एवढं चांगलं घर, एवढं चांगलं दार, आणि ही कडीवरून घालवतेय! विहार गेला, घर गेलं, आता पुन्हा तो नळाजवळचा खांब, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"न्हवती," आई म्हणाली. "टेसनावर न्हवती, म्हनूनच म्हनतीया."

मग ती आप्पांकडं वळली. एवढ्या माणसांसमोर आई इतकं बोललेली मी तोवर पाहिली नव्हती.

"आप्पा, टेसनावर मी झोपले न्हाई. बसल्या बसल्या डुलकी लागायची आन् दचकून उठायची. ह्या दोघी आपल्या पदराला हाईत का, एवढंच बघायची. हितं आलो, तुम्ही छप्पर दिलंत, खायला दिलंत. पर विहारातबी मी कवा आडवी झाले न्हाई नीट. कोन कवा यील, पदर सरकलाय का, तोंड उघडं पडलंय का, मनाला सारखा घोर. तुम्ही समदी लई चांगली मानसं हायसा. तुमच्यावानी कुनी केलं नसतं. पर चांगल्या मानसांम्होरंबी बाईमानूस झोपत न्हाई, आप्पा. मला झोपायचंय. दुसरं काई नगं."

हिराकाकू पदरानं तोंड पुसत घराकडं वळल्या. आप्पाही चालू लागले, मागं न बघता. मला वाटलं, संपलं. माणसं पांगायला लागली, पाय ओढत, एकमेकांत पुटपुटत.

मी आता शहरातल्या एका बेघरांच्या निवाऱ्यात नोकरी करते. खाटांच्या रांगा, वर पंखे, प्रत्येकाला एक पेटी. बायकांच्या हॉलच्या दारावर पाटी आहे, आतून कडी लावू नये. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. एकदा एक बाई आत बेशुद्ध पडली होती आणि दार तोडावं लागलं होतं. पण नवी आलेली बाई खाटेवर पाय खाली सोडून तशीच बसून राहते ना, रात्र रात्र, तेव्हा माझ्या सोबतच्या पोरी म्हणतात, मॅडम, सगळं दिलंय तरी झोपत नाही, समाधानच नाही यांना. मी त्यांना समजावून सांगते. पूर्वी तळमळून सांगायचे, आता नुसतं सांगते. दमले मी. इतक्या वर्षांत त्या पाटीचं मला काहीही करता आलेलं नाही.

आप्पा परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक गंजलेली कडी होती, कोयंड्यासकट. मागं सलीमभाई, पेचकस आणि भोकं पाडायचा सामता घेऊन. आप्पांनी आईकडं पाहिलं नाही. सलीमभाईंनाच म्हणाले, "आमच्या दाराची काढून आनलीया. घर बांधलं तवापासनं हाय, कवा लावल्याचं ध्यानात न्हाई. हिला बसव."

"तुमच्या दाराला मग?" सलीमभाईंनी विचारलं.

"माझ्या घरात कोन जागं हाय?" आप्पा म्हणाले. "समदी घोरत्यात."

सलीमभाईंनी कडीला खोबरेल तेल चोळलं. सागवान कठीण, भोकं पडता पडेनात. आप्पांनी दार खांद्यानं रेटून धरलं होतं, त्यांच्या सदऱ्यावर लाकडाचा भुगा पडत होता. पांगलेली माणसं पुन्हा गोळा झाली. सलीमभाईंनी चहा मागितला तेव्हा कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्यांनाच जरा बरं वाटलं. कडी बसली. आप्पांनी ती आत जाऊन स्वतः लावून पाहिली नाही. आईला म्हणाले, "बघ."

आईनं आत जाऊन कडी लावली. दार हललं नाही. पुन्हा उघडून ती बाहेर आली आणि आप्पांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात यायला पायजे होतं." वंदना उशिरानं झाली. जयभीम करून माणसं आपापल्या घरी गेली. हिराकाकू आल्याच नाहीत, त्यामुळं खीरही आली नाही.

ऊन डोक्यावर होतं. आईनं आम्हा दोघींना आत घेतलं आणि कडी लावली. सतरंजी अंथरली, उशाला बोचकं घेतलं, आणि ती आडवी झाली. तिनं आम्हाला पदराला बांधलंही नाही. बघता बघता तिचा श्वास जड झाला. हातपाय कुठंही, कसेही पडलेले, पदर जमिनीवर, तोंड उघडं. आई अशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. मी आणि सुमी तिच्या अंगाला चिकटून पडलो. पत्रा तापून तडतडत होता. घरात अजून औषधाचा वास होता.

बाहेर पावलं वाजली. मग हिराकाकूंचा आवाज, जरा घुश्शातला, जरा पडलेला.

"अगं ए, खीर आनलीया. उघड की दार."

मी उठणार होते. तेवढ्यात ओट्यावरून आप्पा बोलले. ते तिथंच बसून होते, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

"हळू बोल, हिरे. हाक मारू नगंस."

"का? काय झालं?"

"मालकीन झोपलीया."

हिराकाकूंनी पातेलं ओट्यावर टेकवलं, तेही अगदी आवाज न करता. मग त्या आप्पांच्या शेजारी बसल्या असाव्यात, बांगड्या वाजल्या. मी आईकडं पाहिलं. तिला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती घोरत होती.